दुसऱ्याच्या रानात पाऊल: गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा निघालेल्या सातारकरासाठी

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "शनिवारी सकाळी गोल्फला या, तिथंच बोलू." टीव्हीवर चॅनेल बदलताना दोन सेकंद दिसते तेवढी हिरवळ, हीच तेव्हा माझी गोल्फची सगळी माहिती. मी जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट घालून गेलो आणि रिसेप्शनलाच अडकलो. तिथल्या दुकानातून कॉलरचा टी-शर्ट घेतला. त्या पैशांत पोवई नाक्यावर चार आले असते. पॅन्ट गिऱ्हाइकानं स्वतःच्या डिकीतून काढून दिली, ती कमरेला दोन इंच ढिली. पहिले नऊ होल, म्हणजे चेंडू मारत नेऊन खड्ड्यात टाकायचे नऊ टप्पे, मी एका हातानं पॅन्ट सावरत चाललो.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख. चेंडू कसा मारावा हे शिकवायला प्रशिक्षक असतात, त्या भानगडीत मी फारसा पडणार नाही. पहिल्या दिवशी तुमचा खेळ कोणी बघत नसतं. बघतात ते एवढंच, की हा माणूस दुसऱ्याच्या रानात कसा वागतो. बांधावरून चालतो की पेरलेल्या वाफ्यातून? आपण शेतकऱ्याची पोरं, ही परीक्षा आपल्याला अवघड नाही. फक्त तिथला बांध कुठला आणि वाफा कुठला, ते कळायला हवं.

आधी फोन, मग गाडी

आपल्या भागातून निघायचं तर बहुतेकांची वाट पुण्याची. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा १८ होलचा कोर्स आहे आणि बावधनच्या पुढे, लवळ्याच्या अंगाला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे, तोही १८ होलचा. सातारकराला बावधन सोयीचं, कारण कात्रजचा नवा बोगदा, वारजे, चांदणी चौक असं बाहेरच्या बाहेर जाता येतं. येरवड्याला जायचं तर शहर ओलांडावं लागतं. सांगलीकरांनी मात्र आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करावा हे बरं. सव्वादोनशे किलोमीटर रात्रभर गाडी चालवून सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे पहिला चेंडू मारायच्या जागेवर, उभं राहिलात, तर चेंडू एकाचे दोन दिसतील.

निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. बाहेरच्या माणसाला आत घेतात का, की सभासदाचा पाहुणा म्हणूनच यावं लागतं? नवख्याला कोर्सवर सोडतात का? अनेक ठिकाणी हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचं, प्रमाणपत्र मागतात किंवा तिथला प्रशिक्षक आधी तुमचे दोन-चार फटके बघतो. क्लब, म्हणजे त्या काठ्या, भाड्यानं मिळतात का? आणि सगळं मिळून किती होतील? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळण्याची फी, वेगळी, बरोबर चालणाऱ्या कॅडीचे पैसे वेगळे, कार्ट, म्हणजे कोर्सवरची छोटी गाडी, वेगळी, क्लबचं भाडं वेगळं. शनिवार-रविवारचा दर सहसा चढा असतो. फोनवर फक्त ग्रीन फी सांगतात आणि बाकीचं काउंटरवर कळतं, असा माझा अनुभव.

नुसता अंदाज घ्यायचा असेल तर माझं मत विचारा: पहिल्या खेपेला कोर्सवर जाऊच नका. ड्रायव्हिंग रेंजवर जा. तिथं बादलीभर चेंडू घ्यायचे, एका जागी उभं राहून मारायचे आणि पुन्हा गोळा करायला जायचं नाही. खर्च कमी, मागे कोणी खोळंबलेलं नाही. दोन-तीन वेळा रेंजवर घाम गाळून मग कोर्सवर गेलात, तर स्वतःलाही मजा येते आणि बरोबरच्यांनाही.

कपडे

कॉलरचा टी-शर्ट, तो पॅन्टमध्ये खोचलेला. सुती किंवा टेरिकॉटची साधी पॅन्ट, नाहीतर गुडघ्यापर्यंतची नीट शिवलेली हाफ पॅन्ट. जीन्स नाही, ट्रॅक पॅन्ट नाही, बिनकॉलरचा शर्ट नाही. बायकांनाही कॉलरचा टॉप आणि पॅन्ट किंवा कॅप्री चालते. सलवार-कुडता घालून नुसतं बरोबर चालायचं असेल तर आधी विचारून घ्या, जागेप्रमाणे नियम बदलतो. बूट गोल्फचेच हवेत असं नाही, सपाट तळाचे स्पोर्ट शूज पहिल्या दिवशी चालून जातात. चप्पल आणि टाचेचे बूट मात्र गाडीतच ठेवा. टोपी, पाण्याची बाटली, एक जादा मोज्यांचा जोड. पहाटे गवतावर इतकं दहिवर असतं की तिसऱ्या होलपर्यंत पाय भिजून चिंब होतात.

हातमोजा एकच लागतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं तो डाव्या हातात घालायचा. मी पहिल्या दिवशी दुकानदाराला विचारलं होतं, "दुसरा कुठाय?"

वेळ

टी टाइम ७ चा म्हणजे ७ वाजता पहिला चेंडू उडाला पाहिजे. लग्नपत्रिकेवरची ७ ची वेळ नव्हे ती. दर आठ-दहा मिनिटांनी चार खेळाडूंची पुढची चौकडी सुटत असते, त्यामुळे तुम्ही चुकलात की तुमची जागा गेली. अर्धा-पाऊण तास आधी पोचा. साताऱ्याहून ११० किलोमीटर, वाटेत चहा धरून अडीच तास. ७ च्या वेळेसाठी पावणेचारला घर सोडा. शिरवळला मिसळ खाण्याचा मोह होईल. खाऊ नका. खालची पॅन्ट आधीच अनोळखी, वर मिसळ कशाला?

पोचल्यावर आधी रिसेप्शनला नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्यायची. मग रेंजवर पंधरा-वीस चेंडू मारून अंग मोकळं करा आणि पटिंग ग्रीनवर, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांच्या सरावाच्या हिरवळीवर, दहा मिनिटं घालवा. कोर्सवरच्या ग्रीनवर चेंडू किती वेगानं पळेल ते तिथंच कळतं. सपाट जमिनीवरचा चेंडू आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट पळतो.

क्रिकेट खेळलेल्यांना एक सांगणं. बॅट आवळून धरतो तसा क्लब धरू नका. भिजलेलं फडकं पिळताना जोर लावतो त्याच्या पावपट पुरे. आणि चेंडू गेल्याबरोबर मान वर करून बघायची घाई नको, तो कुठे गेला ते कॅडी सांगेल. रेंजवर आयर्न नावाच्या ७ नंबरच्या क्लबनं सुरुवात करा. ड्रायव्हर नावाचा तो मोठ्या डोक्याचा क्लब दिसायला देखणा, पण नवख्याच्या हातात तो बैलासारखा हवं तिकडे ओढत नेतो.

कॅडीमामा

कॅडी म्हणजे तुमची पिशवी ओढणारा माणूस, असं समजून गेलात तर तुमचंच नुकसान. त्या कोर्सची चढ-उताराची खडान्खडा माहिती त्याला असते. भारतात कॅडीचं काम करून मोठे झालेले खेळाडू आहेत. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी असलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. हा किताब मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि १९९३ मध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला.

पुण्यात बहुतेक कॅडी मराठी बोलणारे भेटतात. सुरुवातीलाच सांगून टाका, "मामा, मी पहिल्यांदाच आलोय, काय करायचं ते सांगत जा." इतकं बोललात की पुढचे चार तास सोपे. माझ्या कॅडीमामांनी दहाव्या होलला माझ्या ढिल्या पॅन्टसाठी कुठूनतरी सुतळी पैदा केली, ती मी अजून विसरलेलो नाही. त्यांना द्यायचे पैसे रोख ठेवा, सुट्ट्यांसकट. किती द्यायचे ते रिसेप्शनला विचारता येतं, आणि वर थोडे जास्त देण्याची रीत आहे.

पहिली टी

सगळ्यात जास्त पाय इथं लटपटतात. मागची चौकडी बघत असते, स्टार्टर, म्हणजे चौकड्या सोडणारा माणूस, बघत असतो. जमिनीत दोन खुणा रोवलेल्या असतात. चेंडू त्या दोन खुणांच्या मध्ये ठेवायचा, किंवा मागे दोन क्लबांच्या लांबीपर्यंत. पुढे नाही. खुणांचे रंग वेगवेगळे असतात, होलच्या सगळ्यात जवळच्या कोणत्या ते विचारून तिथूनच खेळा. मोठेपणासाठी मागच्या टीवर गेलात तर दिवसभर चेंडूच शोधत बसाल.

चेंडू टीवरून, म्हणजे तो ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, आपोआप पडला तर तो फटका नाही, पुन्हा ठेवा. पण मारायला गेलात आणि चेंडूला लागलंच नाही, क्लब नुसता हवेतून फिरला, तर तो एक फटका मोजायचा. हे कोणी सांगत नाही आणि मग कार्डावरून वाद होतात. कसाही फटका बसला तरी "सॉरी, सॉरी" म्हणत राहू नका. तिथं सगळ्यांनीच ते भोगलेलं असतं.

दुसरा कोणी मारत असताना मात्र पुतळा व्हायचं. बोलणं बंद, पिशवीचा खडखडाट बंद, मोबाइल सायलेंटवर. त्याच्या बरोबर मागे, चेंडूच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, आणि पुढे तर कधीच नाही. बाजूला, मारणाऱ्याच्या तोंडासमोर, चार-पाच पावलं दूर. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, पण चांगला बसलेला फटका तासाला २०० किलोमीटरच्या वर वेगानं निघतो. डोक्यात बसला तर दवाखाना नक्की.

म्हणूनच "फोर!" अशी आरोळी ऐकू आली की दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाका. कुठून येतोय ते बघायला मान वर करू नका. माझ्याबरोबर आलेल्या एका मित्रानं पहिल्यांदा ती आरोळी ऐकली आणि चौकार समजून टाळ्या वाजवल्या. चेंडू त्याच्यापासून दहा फुटांवर पडला. तुमचा चेंडू कुणाच्या दिशेनं गेला तर तुम्हीही लाजू नका, बेंबीच्या देठापासून ओरडा.

चालताना

१८ होलला चार ते साडेचार तास लागतात, आणि सरळ अंतर सहा किलोमीटरच्या आसपास असलं तरी वाकडंतिकडं धरून सात-आठ होतं. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सातारकराला चालण्याची भीती नाही. पण ऊन लागतं, म्हणून पहिल्या वेळी नऊच होल खेळा.

टी आणि होलभोवतीचं ग्रीन यांच्यामधला कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे, दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत म्हणजे रफ. नवख्याचा दिवस रफमध्येच जातो. चेंडू हरवला तर शोधायला ३ मिनिटं मिळतात. पूर्वी ५ होती, २०१९ पासून कमी केली. झुडपात नाहीतर बिळाच्या तोंडाशी गेलेला चेंडू सोडून द्या. रानात गवतात हात घालताना आपण काठी आपटतो, तेच शहाणपण इथंही लागू, कारण सापाला कोर्स आणि रान वेगळं कळत नाही. पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे गेला तर चेंडू हद्दीबाहेर, एक फटका दंड आणि पुन्हा जिथून मारला त्याच जागेवरून. पिवळ्या नाहीतर लाल खुंट्या पाणी किंवा ओढ्याच्या असतात, तिथंही एका फटक्याच्या दंडानं बाहेर येता येतं. कुठून आणि कसं, ते मामांना विचारा. चेंडू पुन्हा टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही.

फटक्यासोबत गवताचा ढेकूळ उडाला तर तो उचलून आणा, त्याच खड्ड्यात बसवा आणि पायानं दाबा. काही ठिकाणी त्याऐवजी वाळू भरायला बाटली देतात. वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, खालच्या बाजूनं उतरा, बाहेर येताना दाताळ्यानं आपली पावलं पुसून टाका. आत असताना मारण्याआधी चेंडूच्या लगत वाळूला क्लब टेकवायचा नाही, त्याला दंड आहे.

हळू खेळण्याइतका राग तिथं कशाचाही येत नाही. आपली नजर मागच्या चौकडीवर नको, पुढच्या चौकडीवर हवी. त्यांच्यापासून एक होलाएवढं अंतर पडलं की समजा, आपण रेंगाळतोय. मागच्यांना हात करून पुढे जाऊ द्या. पार ४ च्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलवर ८ फटके झाले तरी ग्रीन आलं नसेल तर चेंडू खिशात टाका आणि पुढच्या होलला नव्यानं सुरू करा. गप्पांच्या खेळात याला कोणी नाव ठेवत नाही, उलट मनातून आभार मानतात.

ग्रीन: इथं जपून

झेंडा रोवलेला, गालिच्यासारखा तो गोल भाग म्हणजे ग्रीन. हाच तो पेरलेला वाफा.

ते गवत कोणतं ते ऐकाल तर हसाल. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली हरळी. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, गणपतीला वाहतो त्या दूर्वाही त्याच. ग्रीनवर सहसा तिची बुटकी संकरित जात लावतात आणि ती तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापून ठेवतात, रोज. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. जिची अख्खी हयात उसातली हरळी खणून काढण्यात गेली, ती म्हणाली, "लोक पैसं देऊन लावत्यात? मग आपल्या रानातली न्या म्हणावं, फुकट!"

तर या हरळीवर पळायचं नाही, पाय घासत चालायचं नाही, पिशवी किंवा कार्ट आणायची नाही. उंचावरून पडलेल्या चेंडूनं खळगा पडतो. कॅडीकडे दोन दातांचा छोटा काटा असतो. त्यानं खळग्याच्या कडेची माती चारी बाजूंनी मधे ढकलायची आणि पटरनं, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या क्लबनं, थापायचं. खालून उचकटायचं नाही, मुळं तुटतात. रोप लावताना मुळाशी माती ओढतो, अगदी तसं.

होलपासून ज्याचा चेंडू सर्वांत लांब तो आधी मारतो. तुमचा चेंडू वाटेत येत असेल तर त्याच्या मागे एक नाणं ठेवा आणि चेंडू उचला. दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांच्यामधली रेषा तुडवायची नाही, ओलांडायची. सकाळच्या उन्हात सावली लांब पडते, ती त्याच्या रेषेवर पडू देऊ नका. माझ्या गिऱ्हाइकाच्या रेषेवरून मी पहिल्याच ग्रीनला आरामात चालत गेलो होतो. तो काही बोलला नाही, फक्त दोन पावलं मागे सरला आणि थांबला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या वाटीएवढा. लांबून तो तेवढा कधीच वाटत नाही. झेंडा तसाच ठेवून पटरनं चेंडू मारला तरी २०१९ पासून चालतं. चेंडू आत गेला की तो काढा आणि ग्रीन सोडा. कार्ड पुढच्या टीवर जाऊन लिहा, तिथंच उभं राहून नको.

कार्ड

प्रत्येक होलला ठरावीक फटक्यांचा हिशेब असतो, तो पार. ३, ४ किंवा ५. पूर्ण कोर्सचा पार सहसा ७० ते ७२. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी. नवख्याला १८ होलला १२० च्या वर फटके लागले तर त्यात काही गैर नाही. त्यासाठीच हँडिकॅपची सोय आहे, जास्तीत जास्त ५४ पर्यंत. त्यामुळे मुरलेला खेळाडू आणि कालचा पोरगा एकाच पंगतीत बसू शकतात.

स्वतःचे फटके स्वतः मोजायचे, पंच नसतो. झाडामागे मारलेलेही मोजायचे. एका फटक्याला काय किंमत असते हे २०२१ मध्ये टोकियोत दिसलं. भारताची अदिती अशोक ऑलिंपिकमध्ये गोल्फला चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं.

ऊन, वळीव आणि बाकीचं

एप्रिल-मे महिन्यात दुपारचा टी टाइम घेऊ नका. ऊन तर असतंच, वर चारच्या सुमारास वळीव गाठतो. विजा चमकायला लागल्या की भोंगा वाजतो. तो वाजला की होल अर्धा राहिला तरी क्लबहाउसकडे निघायचं. उघड्या माळावर लोखंडी काठी हातात धरून उभं राहण्याचा हट्ट कोणासाठी? झाडाखालीही थांबू नका. पावसाळ्यात जमीन भिजलेली असली की कार्ट फेअरवेवर नेऊ देत नाहीत, म्हणजे चाल वाढते. आमच्या भागातल्या माणसानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

पोरांना न्यायचं असेल तर वयाची अट विचारा. स्पर्धा बघायला गेलात तर खेळाडू मारत असताना जागच्या जागी थांबा आणि मोबाइलनं फोटो काढू नका.

खेळ संपला की टोपी काढून बरोबरच्या सगळ्यांशी हात मिळवायचे, कॅडीशीही. क्लबहाउसमध्ये शिरण्याआधी बूट ब्रशनं पुसायला जागा असते, तिथं पुसा. मग बसा, खा. धंद्याचं बोलणं असेल तर ते इथं होतं. मी पहिल्या दिवशी चौथ्या होललाच कोटेशनचा विषय काढला होता. गिऱ्हाईक म्हणाला, "आधी चेंडू शोधा."

निघताना भाड्याचे क्लब मोजून परत द्या. एका पिशवीत जास्तीत जास्त १४ असतात, आणि त्यातला एखादा कुठल्यातरी ग्रीनच्या कडेला विसरलेला असतो. बहुतेक वेळा तो पटरच. खिशात कोर्सचा काटा किंवा पेन्सिल राहिली का बघा. आणि शनिवार असेल तर जेवण उरकून एकच्या आत पुणे सोडा. त्यानंतर अख्खं पुणे महाबळेश्वरला निघतं आणि खंबाटकीत तुम्हाला गाडीतून उतरून पुन्हा चालायला लागेल.